चांगले मन पुरेसे आहे काय?



दरवर्षी १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन साजरा केला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. त्या दिवसाच्या जवळच्या रविवारी आपणही मिस्सा संपल्यावर धर्मग्रामातील परिचारिकांना पुढे बोलावतो, त्यांच्या हाती फूल देतो, टाळ्या वाजवतो. हे योग्यच आहे. रात्रपाळी करून थेट मिस्साला येणाऱ्या मुली आणि सुना आपल्यात आहेत. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे.

पण फूल देताना आपण त्यांच्या कोणत्या गुणाचे कौतुक करतो? आपल्या तोंडी ठरलेले शब्द येतात : प्रेमळ, हसतमुख, सेवाभावी, सोशिक. ‘अभ्यासू’, ‘जाणकार’, ‘हुशार’ हे शब्द आपण डॉक्टरांसाठी राखून ठेवतो. हॉस्पिटलमधील परिचारिकेलाही आपण ‘सिस्टर’ म्हणतो आणि मठातील धर्मभगिनीलाही ‘सिस्टर’च म्हणतो. हा शब्द धर्मभगिनींकडूनच रुग्णालयात आला. त्याच्याबरोबर एक समजूतही आली, की या कामाला मोठे मन लागते आणि मन मोठे असले की बाकीचे आपोआप जमते.

हीच समजूत आज आपण तपासून पाहू या. प्रश्न साधा आहे. रुग्णाची सेवा करायला चांगले मन पुरेसे आहे काय? आणि चांगल्या मनाने, पण न कळत कोणी रुग्णाला अपाय केला, तर त्यात त्याचा काही दोष आहे काय?

मायेने केलेले अपाय

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडावर, टाचांना जखमा होतात. त्यांना आपण बेडसोअर म्हणतो. त्या होऊ नयेत म्हणून परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी रुग्णाची पाठ स्पिरिट, पावडर किंवा तेल लावून चोळली. शिकवणाऱ्यांनी तसेच शिकवले होते आणि शिकणाऱ्यांनी ते मनापासून केले. घरोघरी मुली आणि सुनांनीही आईवडिलांची पाठ अशीच चोळली. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांची पद्धतशीर पाहणी केली आणि १९६२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जखमा टाळण्यात पाठीला काय लावले याला फारसे महत्त्व नव्हते. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवून त्या जागेवरचा भार कमी केला जातो की नाही, याला महत्त्व होते.

कारण समजायला सोपे आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली, की तेथे रक्त पोहोचत नाही. लाल झालेली जागा जोराने चोळली तर आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आणखी इजा होते. म्हणून अशी जागा चोळू नये असे आजचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. आपण मेडिकलमधून आणतो ती हवेची गोल रिंगही टाळावी असे ते सांगतात. तिच्या कडेचा दाब मधल्या भागाचे रक्त अडवतो. ज्या हातांनी पाठ चोळली त्या हातांत माया नव्हती असे कोण म्हणेल? माया होती. पण जखम मायेने टळली नाही.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियेचे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री रुग्णाचे अंग वस्तऱ्याने साफ करायचे, ही स्वच्छतेची खूण मानली जाई. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात उलटेच दिसले. वस्तरा फिरवलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्के रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. केस न काढलेल्या किंवा मलम लावून काढलेल्या रुग्णांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. केस काढणे अगदी गरजेचे असेल तर क्लिपर वापरावा, वस्तरा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्टपणे सांगितले.

तिसरे उदाहरण सर्वांत दुःखद आहे. साधारण १९५० नंतर अनेक पाश्चात्त्य देशांत तान्ह्या बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला दिला जाऊ लागला. उताणे बाळ ओकले तर ते घशात अडकून गुदमरेल, ही भीती त्यामागे होती. ती खरी वाटण्यासारखी होती. पण पालथ्या झोपणाऱ्या बाळांचेच अचानक मृत्यू अधिक होत होते. १९९१ साली ब्रिटनमध्ये बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २००५ साली काही संशोधकांनी जुने अभ्यास पुन्हा एकत्र मांडून पाहिले. त्यांना आढळले, की १९७० पर्यंत उपलब्ध असलेली माहिती कोणी नीट जुळवून पाहिली असती, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक बाळे वाचू शकली असती. माहिती होती, ती विखुरलेली होती. तोवर परिचारिका आयांना जुनाच सल्ला देत राहिल्या आणि आया प्रेमाने तो पाळत राहिल्या.

अज्ञान दोष केव्हा ठरतो?

मग या सर्वांना आपण दोषी ठरवायचे काय? येथे संत थॉमस अक्वायनस आपल्या मदतीला येतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना त्यांनी केलेला एक भेद आम्हाला वारंवार शिकवला जाई. एक अज्ञान असे असते, की कितीही प्रयत्न केला तरी त्या माणसाला ते दूर करता आले नसते. त्याचा दोष त्याच्यावर येत नाही. दुसरे अज्ञान टाळता येण्याजोगे असते. जी गोष्ट जाणून घेणे आपल्या कामामुळे आपल्यावर बंधनकारक आहे आणि जी आपण जाणून घेऊ शकलो असतो, ती हयगयीने जाणून घेतली नाही, तर ते न जाणणेच दोष ठरते.

हा भेद रुग्णसेवेला लावून पाहा. १९५० साली रुग्णाची पाठ चोळणाऱ्या परिचारिकेला आपण दोष देणार नाही. तिच्या काळाला जे ठाऊक होते ते तिने केले. पण आज, साठ वर्षांहून अधिक काळ ही माहिती उपलब्ध असताना, ‘आमच्या ट्यूटरनी असेच शिकवले होते’ एवढ्यावर जी थांबते, तिचे काय? आपल्या वाडीतल्या बागायतदाराला इन्सुलिनचा डोस ठाऊक नसला तर तो दोष नाही. इन्सुलिन देणाऱ्या हाताला तो ठाऊक नसला तर मात्र दोष आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव सोपवला आहे, त्याच्यावर जाणून घेण्याचे ऋण अधिक असते.

येथे एक सावधगिरीही हवी. अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते. ज्या परिचारिकेला एका पाळीत झेपणार नाहीत इतके रुग्ण सांभाळावे लागतात, जिला शिकण्यासाठी वर्षातून एक दिवसही मिळत नाही, जिच्या वॉर्डात एक चांगले पुस्तक नाही, तिच्यावर सगळा दोष ढकलणे हा अन्याय आहे. अशा वेळी तो दोष वर सरकतो. व्यवस्थापनाकडे, महाविद्यालयाकडे आणि स्वस्तात सेवा हवी असलेल्या समाजाकडे तो जातो.

चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण नेहमी मनाच्या अंगाने ऐकतो : त्याला कळवळा आला. पण पुढे त्याच्या हातांनी काय केले तेही पाहू या. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्री त्याची काळजी घेतली, खर्चाचे पैसे दिले आणि परत येण्याचे वचन दिले. द्राक्षारसाने जखम धुवावी, तेलाने आग शमवावी, हा त्या काळचा उपचार होता आणि तो त्याला ठाऊक होता. नुसता कळवळा येऊन तो त्या माणसाजवळ रडत बसला असता, तर तो माणूस रस्त्यातच मेला असता.

दिवा आणि आकडे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेतलेली स्त्री आपल्या डोळ्यांपुढे येते. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. तिची माया खरी होती, कष्टही खरे होते. तरीही त्या हिवाळ्यात तेथे सैनिक मोठ्या संख्येने मरत राहिले. बहुतेक जण घावांनी नव्हे, तर पटकी, हगवण, विषमज्वर अशा आजारांनी मेले. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग आला. त्याने इमारतीखालची गटारे साफ करवली, हवा खेळती केली, पाण्याची सोय सुधारली. त्यानंतर मृत्यू झपाट्याने घटले.

नाइटिंगेलचे मोठेपण हे, की मायदेशी परतल्यावर तिने या मृत्यूंचा महिन्यामहिन्याचा आणि कारणाकारणाचा हिशेब मांडला. तिचे स्वतःचे रुग्णालयही त्यातून सुटले नाही. तिने तो हिशेब रंगीत आकृत्यांत काढून सरकारपुढे ठेवला. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. त्या संस्थेची ती पहिली स्त्री सभासद. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. दिवा हाती घेणारीनेच पुढे आकडे हाती घेतले. आपण दिव्याचे चित्र भिंतीवर लावले, आकडे मात्र विसरलो.

ख्रिस्तसभेतील एक उदाहरण याहून बोलके आहे. लंडनच्या हॅकनी भागात आयरिश धर्मभगिनी १९०५ पासून सेंट जोसेफ हॉस्पिस चालवत होत्या. मरणाच्या दारी असलेल्या गरिबांची त्या अत्यंत प्रेमाने सेवा करीत. १९५८ साली तेथे सिसिली साँडर्स नावाची डॉक्टर आली. ती मूळची परिचारिका. पुढे तिने रुग्णांसाठी समाजसेविकेचे काम केले आणि त्यानंतर ती डॉक्टर झाली. कर्करोगाच्या वेदना असह्य झाल्या आणि रुग्णाने विनवणी केली की मगच मॉर्फीन द्यायचे, असा तेव्हा सर्वत्र प्रघात होता. लंडनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयात परिचारिका मॉर्फीन घड्याळाप्रमाणे, वेदना उसळण्याआधीच देत असत. साँडर्सने ते तेथे काम करताना पाहिले होते. ती पद्धत तिने सेंट जोसेफमध्ये आणली आणि एकेका रुग्णाची नीट नोंद ठेवली. हजाराहून अधिक नोंदी झाल्या. वेदना आटोक्यात राहत होत्या, रुग्ण गुंगीत पडून न राहता बोलत होते, आणि सवय लागेल ही भीतीही फार वाढवलेली होती असे दिसले.

त्या धर्मभगिनींच्या प्रेमात काही कमी नव्हते. कमी होती ती माहिती. ती मिळाल्यावर त्यांनी आपली जुनी रीत सोडली. आपली रीत चुकीची होती हे मान्य करून नवी शिकणे, यालाही नम्रता म्हणतात. १९६७ साली साँडर्सने सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापन केले आणि तेथून हा विचार जगभर गेला. आपल्या वांद्रे येथे १९८६ साली डॉ. लुईस जोसे डिसोझा यांनी सुरू केलेले शांती अवेदना हे भारतातील पहिले हॉस्पिसही याच वाटेवरचे.

माणूस म्हणजे आकडा नव्हे

येथे कोणी म्हणेल, ‘फादर, सगळे आकड्यांवर सोडले तर माणूस कुठे राहिला?’ ही शंका रास्त आहे. पुराव्यावर आधारित रुग्णसेवा म्हणजे पुस्तकात पाहून माणसाला हाताळणे, असा समज आहे. पण ज्यांनी ही कल्पना मांडली त्यांनी तसे म्हटलेले नाही. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तिचा अर्थ स्पष्ट केला. उत्तम संशोधन आणि उपचार करणाऱ्याचा अनुभव यांची सांगड घालायची आणि रुग्णाची स्वतःची इच्छाही लक्षात घ्यायची, असे त्यांचे म्हणणे होते. यांपैकी एक जरी सोडले तर उपचार लंगडा होतो.

समजा, घरी एक आजी अंथरुणाला खिळली आहे. तिला ठरावीक वेळाने वळवले पाहिजे हे संशोधन सांगते. डाव्या कुशीवर वळवले की आजीच्या कपाळावर आठी पडते, तिथे काहीतरी दुखते आहे, हे अनुभवी परिचारिकेचा डोळा सांगतो. आणि खिडकीकडे तोंड करून झोपायचे आहे, अंगणातला आंबा दिसला पाहिजे, हे आजी स्वतः सांगते. जाणकार परिचारिका तिन्ही ऐकते. संशोधन हजारांबद्दल बोलते, परिचारिका एकीसमोर उभी असते. त्या एकीपर्यंत हजारांचे ज्ञान पोहोचवणे, हेच तिचे कसब.

शिक्षण कशासाठी?

म्हणून परिचारिकांच्या शिक्षणाचा प्रश्न हा नैतिक प्रश्न आहे. २०१४ साली युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांचा, चार लाखांहून अधिक शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल, तर दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. आणि एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. एकाने दुसरे घडते हे अशा एका अभ्यासाने सिद्ध होत नाही. पण शिक्षण आणि पुरेसे मनुष्यबळ या दोन्ही गोष्टी जीवनमरणाशी जोडलेल्या आहेत, याकडे तो बोट दाखवतो.

आपल्या देशात परिचर्येची विद्यापीठीय पदवी १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. आज पदविका घेणाऱ्या मुली तीन वर्षे शिकतात, पदवी घेणाऱ्या चार वर्षे. पण वर्षांच्या संख्येवर सगळे अवलंबून नाही. विद्यार्थिनी वॉर्डात शिकायला जाते की मोफत मनुष्यबळ म्हणून जाते? शिकवणारी शिक्षिका तिच्याबरोबर रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहते का? आणि तिने ‘हे असेच का करायचे?’ असे विचारले, तर तिला उत्तर मिळते की तो उद्धटपणा ठरतो? पाठ केलेली कृती दहा वर्षांत जुनी होते. ‘का?’ विचारण्याची सवय मात्र आयुष्यभर पुरते.

ज्ञानाबरोबर अधिकारही हवा. अमेरिकेत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी आयसीयूतील रुग्णांच्या मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी केली. हात धुणे ही त्यांतली पहिली. डॉक्टरने एखादी पायरी गाळली, तर परिचारिकेने त्याला तेथेच थांबवावे, असा अधिकार तिला देण्यात आला. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक आयसीयूंत ही पद्धत राबवली गेली आणि २००६ साली तिचे परिणाम प्रसिद्ध झाले. नळीमुळे होणारा रक्तातील जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. यादीतल्या गोष्टी नव्या नव्हत्या. नवे होते ते परिचारिकेला बोलण्याचे स्वातंत्र्य. आपल्याकडे बावीस वर्षांची मुलगी ज्येष्ठ डॉक्टरांना ‘सर, हात धुवायचे राहिले’ असे म्हणू शकते काय? आणि ती म्हणाली, तर तिच्या पाठीशी कोण उभे राहते?

आपण काय करावे?

परिचारिका भगिनींनो आणि बंधूंनो, तुम्ही थकता हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही महिन्यातून एकदा, आपण रोज करतो त्यातली एक कृती निवडा आणि तिच्यामागे काय आधार आहे ते शोधा. दोघी-तिघी मिळून वाचा. नव्याने आलेल्या मुलीच्या ‘का?’ला उत्तर द्या. उत्तर ठाऊक नसेल तर तिच्याबरोबर शोधा.

आईवडिलांनो, मुलीला नर्सिंगला घालताना फी आणि परदेशातील पगार याच दोन गोष्टी विचारू नका. त्या महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेले आहे का, त्यात खरोखर रुग्ण असतात का, हेही विचारा. तिच्या हातून उद्या कोणाची तरी आई वाचायची आहे.

रुग्णाच्या नातेवाइकांनो, ‘एक सलाइन लावा म्हणजे बरे वाटेल’ असा हट्ट धरू नका. सिस्टरवर आवाज चढवू नका. तिने कारण सांगितले तर ऐकून घ्या. घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर आपल्या धर्मग्रामातील परिचारिकेला बोलावून कुशीवर कसे वळवायचे, टाचा गादीपासून उचललेल्या कशा ठेवायच्या, हे एकदा शिकून घ्या.

आणि रुग्णालये चालवणाऱ्या आपल्या संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकात नव्या यंत्राशेजारी आणखी एक ओळ घालावी : परिचारिकांच्या शिक्षणासाठी वेळ आणि पैसा. यंत्राला आशीर्वाद द्यायला आम्हा धर्मगुरूंना बोलावले जाते. या ओळीलाही आशीर्वाद द्यायला आम्ही आनंदाने येऊ.

तर चांगले मन पुरेसे आहे काय? नाही. पण चांगले मन नसेल तर शिकण्याचा हा खटाटोप तरी कोण करील? ज्याला खरोखर कळवळा आला आहे, तो आपल्या हातून अपाय तर होत नाही ना, हे विचारल्याशिवाय स्वस्थ बसत नाही. यंदा परिचारिका दिनी फूल देताना ‘तू किती प्रेमळ आहेस’ एवढेच म्हणू नका. ‘अलीकडे नवीन काय शिकलीस?’ असेही विचारा. तिला आवडेल.

आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या सर्वांना प्रभू प्रेमळ अंतःकरण, जागरूक बुद्धी आणि खरे बोलण्याचे धैर्य देवो.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू